घाट लागायच्या आधी

लालसिंगचा डावा पाय त्याच्या ताब्यात नव्हता. बावीस वर्षं त्या पायानं एकच काम केलं होतं, क्लच दाबायचा आणि सोडायचा. आधी सरकीच्या ट्रकवर, मग अकोल्याकडच्या मालेगावच्या पूनमचंद शेठच्या जीपवर. रात्री खाटेवर स्वप्नात चढ लागला की पाय आपोआप उचलला जायचा आणि शेजारी बायकोच्या, गोमतीबाईच्या, पोटरीवर दाबायचा. "झोपीत तरी गिअर नोका टाकू जी," ती कुरकुरायची. आणि आता, शहात्तर सालच्या दिवाळीच्या पुढेमागे, शेठनं अशी गाडी आणली की जिच्यात क्लचच नव्हता.

गाडी अमेरिकन. आकाशी रंगाची, मागे लांबच लांब, स्टिअरिंग डाव्या हाताला. ज्वारीच्या बियाण्यावर काम करायला एक साहेब अकोल्याला येऊन राहिला होता. परत जाताना त्यानं ही गाडी आणि तिच्यामागे जोडायचं पांढऱ्या पत्र्याचं एक घर, दोन्ही विकून टाकलं. साहेब त्याला कॅरव्हॅन म्हणायचा. मालेगावात पहिल्याच संध्याकाळी त्याचं 'चाकाचं घर' झालं. आत पलंग, बाक, स्टोव्हचा ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. लोक येऊन दारातून डोकावत आणि शेठ दोन चाकांवर संसार थाटतो म्हणून हसत.

शेठला गाड्यांची हौस नव्हती. शेठला आई होती. घरात सगळे तिला माजी म्हणायचे. पानाबाईंनी सत्तरी ओलांडली होती. बाहेरचं अन्न चालायचं नाही, पाणी गाळून उकळलेलं आणि तेही घरच्या भांड्यातलं, आणि दिवस बुडाल्यावर अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. अशा बाईला यात्रेला न्यायचं तर स्वयंपाकघर बरोबर ओढत न्यायला हवं. शिरपूरचा पारसनाथ हाकेच्या अंतरावर, म्हणून तेवढा झाला होता. बाकी सगळं मनातच राहिलं होतं. मात्र यात्रेच्या आधी डोळ्याचा प्रश्न होता. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, अकोल्याच्या डॉक्टरांनी डिसेंबरची तारीख दिली होती, आणि उजवा डोळा पाच वर्षांपूर्वीच गेला होता.

तो गेला त्याला कारण आपण, असं लालसिंग समजून चालला होता.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी जीपमधून त्यांना घरी आणायचं काम लालसिंगकडे होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोक्याला हिसका बसता कामा नये, टाका नाजूक असतो. पातूरच्या पुढे घाट चढताना एक भरलेला ट्रक आडवा आला. लालसिंगनं गिअर बदलायला उशीर केला, इंजिन मरायला टेकलं, घाईत क्लच सुटला आणि जीप बोकडासारखी उडाली. मागून एकदाच आवाज आला, "अगं माय!" बस. पुढं काही नाही. पण दहा दिवसांनी डोळा लाल झाला, सुजला आणि विझला. डॉक्टर म्हणाले, शंभर कारणं असू शकतात. पूनमचंद एवढंच बोलला, "जरा सांभाळून आनाले पायजे होतं, लालसिंग." पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. काढायची गरजही नव्हती. लालसिंग रोज सकाळी अंगणात गाडी पुसायचा आणि पानाबाई भिंतीला हात लावत देवघराकडे जायच्या. पाच वर्षं हेच चाललं होतं.

म्हणून या खेपेला तो शेठसमोर जाऊन उभा राहिला. "दुसरा डायवर पाहा जी. मले ह्या गाडीचं समजत नाई."

शेठ काही म्हणणार तोच आतून पानाबाई म्हणाल्या, "लालसिंगच आनंल. दुसरा कोनी आला तं मी येत नाई."

लालसिंगला वाटलं, म्हातारी आपली परीक्षा घेते आहे. शिक्षा म्हणा ना. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

साहेबानं जायच्या आधी एक दिवस शिकवलं होतं. मधे दुभाष्या म्हणून शेठ, म्हणजे निम्मं तिथेच सांडलं. स्टिअरिंगच्या मागे एक दांडी, आणि काचेखाली ओळीनं खुणा: पी, आर, एन, डी, दोन, एक. पी म्हणजे गाडी जागच्या जागी जखडली. आर म्हणजे मागे. डी टाकला की विसरा, गाडी आपलं आपण गिअर बदलते. दोन टाकलं की ती दुसऱ्याच्या वर जात नाही, एक टाकलं की पहिल्याच्या. आणि एन म्हणजे न्यूट्रल. एवढी एक गोष्ट ओळखीची निघाली म्हणून लालसिंगला बरं वाटलं. साहेबानं बोट नाचवत तीनदा एकच गोष्ट सांगितली: मागे घर जोडलेलं असताना चढाला आणि उताराला दोनचा गिअर, आणि तो घाट लागायच्या आधी. मधे नाही. आधी.

लालसिंगनं मान डोलावली. मनात म्हणाला, ज्वारीवाल्यानं मले घाट शिकवावा?

पहिला दिवस डाव्या पायानं गाजवला. क्लच नव्हता आणि ब्रेकचा पत्रा हातभर रुंद. बाजाराच्या वळणावर सवयीनं पाय आला आणि पूर्ण ताकदीनं ब्रेकवर पडला. शेठची टोपी काचेवर आणि शेठ टोपीमागोमाग.

"काहून बे? माकड आडवं आलं का?"

"पाय आला जी."

"कोनाचा?"

"माहाच."

दुसऱ्या दिवसापासून लालसिंगनं डावा पाय गमछ्यानं सीटच्या खालच्या दांडीला बांधला. गाव हसलं. बांधल्यावरही गिअर बदलल्याचा आवाज आला की पोटरी फुरफुरायची, पण निदान ब्रेकपर्यंत पोचायची नाही.

शिकायला महिना होता. लालसिंगनं आपलीच एक रीत काढली. चाकाच्या घरात, पलंगाच्या उशाशी, जमिनीवर काठोकाठ भरलेला पितळी लोटा ठेवायचा आणि राखणीला गोमतीबाईला बसवायचं. पाणी कुठं सांडलं ते तिनं लक्षात ठेवायचं. लोट्याला पानाबाई समजायचं, दुसरं काय. मागून बोलायची सोय नव्हती, म्हणून खिडकीतून एक सुतळी काढून गाडीच्या आरशाला बांधली, तिला बैलाच्या गळ्यातली घंटी. घंटी वाजली की थांबायचं, असं ठरलं.

पहिल्यांदा घाट उतरले तेव्हा लालसिंगनं तेच केलं जे या रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर करत होता. पेट्रोल महागल्यापासून घाट न्यूट्रलवर उतरायचा, ही इथली शहाणपणाची गोष्ट. जो ड्रायव्हर उतारावर इंजिनाला काम देतो तो शेठचा पैसा जाळतो, असं ट्रकवाले एकमेकांना चहाच्या टपरीवर ऐकवत. जीप तो वर्षानुवर्षं तशीच उतरवत आला होता. घाटमाथ्यावर त्यानं ऐटीत दांडी एनमध्ये टाकली.

पहिलं वळण गुळगुळीत गेलं. दुसऱ्या वळणावर त्याला वाटलं, मागून कुणीतरी ढकलतंय. ढकलत होतंच. घर ढकलत होतं. जीपच्या मागे कधी काही जोडलेलं नव्हतं, आणि आता टनभर पत्रा उतारावर गाडीच्या पाठीत बसला होता. त्यानं ब्रेक दाबला. गाडी जरा थांबल्यासारखी झाली, परत सुटली. पुन्हा दाबला. जळक्या रबराचा वास आला आणि ब्रेक पायाखाली मऊ पडत गेला. तेव्हा त्याला साहेब आठवला. त्यानं घाईघाईनं दांडी ओढली, दोन सोडून थेट एकमध्ये. इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला, आणि आरशात घर डावीकडे, मग उजवीकडे शेपटीसारखं झुललं. घंटी तर थांबायचं नाव घेईना. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता म्हणून बरं. घराचं चाक त्यात रुतलं आणि सगळं धूळ उडवत उभं राहिलं.

लालसिंगनं पायाचा गमछा सोडायला घेतला तर गाठ सुटेना. तोवर गोमतीबाई स्वतःच दार उघडून खाली उतरली. डोक्यापासून ओली.

"आंगोळ झाली माही," ती म्हणाली. मग रस्त्याच्या कडेला जाऊन ओकली. परत आली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हातारी असती तं?"

लालसिंग खडीच्या ढिगावर बसून राहिला. म्हातारी असती तर. बावीस वर्षं त्याला जे येत होतं तेच आज त्याच्या अंगावर आलं होतं.

ब्रेक नीट करून घेतले. दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर, उतार दिसायच्याही आधी, गाडी बैलाच्या चालीवर आणून त्यानं दोन टाकला. गाडीनं आपलं आपण स्वतःला धरून ठेवलं. ब्रेकला पाय नुसता शिवायचा. खाली पातूरच्या बाजूला पोचल्यावर गोमतीबाईनं खिडकीतून बोट दाखवलं. बोटभरच सांडलं होतं.

चढ मात्र समजायला आठ दिवस लागले. डीमध्ये चढताना पुढे बसून काहीच कळायचं नाही, गाडी लोण्यासारखी. तरी वर पोचावं तर लोटा अर्धा. लालसिंग खड्ड्यांवर चिडायचा.

"खड्डा नोयता," गोमतीबाई एकदा ठामपणे म्हणाली. "साफ रस्ता होता. गाडीले उचकी लागते. घडीत वर, घडीत खाली. पुढे तुमाले नाई समजत, मांगं समदं हालते."

उचकी. अगदी बरोबर शब्द. चढावर ओझं ओढताना गाडी वरचा गिअर घ्यायची, झेपायचं नाही, खाली यायची, जरा बळ आलं की पुन्हा वर जायची. पुढच्याला वाटायचं ती विचार करते आहे. मागच्याच्या मानेला प्रत्येक विचाराचा धक्का. दोन टाकला की उचकी बंद. इंजिन जरा ओरडायचं, वेग पंधरा-सतरा मैलांवर अडायचा, पण चाल एकसारखी. आणि तोही चढ लागायच्या आधी टाकायचा. लालसिंगची सगळी विद्या उलटी होती. गाडी रडायला लागली की गिअर बदलायचा, हे त्याला येत होतं. ती रडायच्या आधीच बदलायचा म्हणजे कान बंद करून डोळ्यांवर चालायचं. पातूर सोडल्यावर पहिल्या चढाआधी एक पांढरा मैलाचा दगड होता. त्यानं तोच धरला. दगड दिसला की दोन.

महिना संपता संपता लोट्यातून चारच थेंब सांडू लागले. गोमतीबाई म्हणाली, "आता मले सोडा." लालसिंगला मात्र ते चार थेंब झोपू देत नव्हते.

जाताना काही झालं नाही. ऑपरेशन झालं. आठ दिवस चाकाचं घर दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उभं होतं. शेठची बायको कंचनबाई त्यातच रांधायची आणि सासूला नेऊन भरवायची. लालसिंग लिंबाखाली बसून दिवस मोजत होता. निघायचं होतं सकाळी दहाला. मोठे डॉक्टर आले दुपारी अडीचला. पट्टी बदलली, गोळ्या लिहून दिल्या, संध्याकाळची गोळी जेवणानंतर, चुकवायची नाही, आणि तेच परत बजावलं: हिसका नको, वाकायचं नाही, खोकायचंसुद्धा जपून.

तीन वाजता निघाले. पानाबाई पलंगावर उताण्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्टी. कंचनबाई खाली बसलेली, एक हात सासूच्या कपाळावर. उशाशी लोटा. लालसिंगनं तो स्वतः भरून ठेवला होता. पुढे गाडीत शेठ, उजव्या बाजूला, कारण स्टिअरिंग डावीकडे असल्यानं समोरचं येणारं त्यालाच आधी दिसायचं.

शेठ मात्र रस्ता बघत नव्हता. तो सूर्य बघत होता.

"पावणेसहाले बुडते," पातूर आल्यावर तो म्हणाला. "साडेचार तं इथंच झाले. लालसिंग, माजी दिस बुडल्यावर गोळी घेनार नाई. तुले मालूम हाय."

"हो जी."

"पान्याचा घोटसुद्धा नाई घेनार."

"मालूम हाय जी."

"घाटाच्या वर मेडशीले आपल्या शांतीलालजीचं घर हाय, तिथं रांधता येते. तिथं तरी पोचलो पायजे."

पांढरा दगड दिसला. लालसिंगनं दांडी दोनवर आणली. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग पडला. शेठ सीटवर पुढे सरकला.

"हे काय केलं?"

"चढ लागते जी."

"चढ लागते तं जोर दे ना! तू हळू काहून करून राह्यला? डीत टाक."

"डीत उचकी लागते जी."

"कोनाले?"

"गाडीले. मांगं धक्का बसते."

"मले तं काई बसत नाई!"

"तुमी पुढं हा ना जी."

शेठ परत सूर्य बघू लागला. समोर कापसाच्या गाड्या लागल्या. घाट उतरत होत्या, एकामागे एक, रुंदीनं अर्धा रस्ता व्यापलेल्या, वर माणसं झोपलेली. लालसिंग कडेला दबून, पावलाच्या वेगानं, तरीही न थांबता चालला. डावी पोटरी गमछ्यात फुरफुरत होती. गाड्या संपल्या तेव्हा पाच वाजून गेले होते आणि कड्याची सावली रस्त्याच्या पलीकडे पोचली होती.

"आता टाक डीत," शेठ म्हणाला. आता त्याच्या आवाजात शेठ नव्हता, नुसता मुलगा होता. "टाक ना बाप्पा. एका गोळीपायी डोळा गेला तं?"

लालसिंगचा हात दांडीपर्यंत गेला. हे खोटं नव्हतं. गोळी चुकली आणि डोळा सुजला तरी दोष त्याच्याच हाताचा. हिसका बसला तरी त्याच्याच हाताचा. पाच वर्षांपूर्वी निदान एकच वाट होती. तो दांडीला नुसता शिवला आणि हात परत स्टिअरिंगवर आणला.

"नाई जी."

"नाई?"

"उतरवा मले पायजे तं. पन मी चालवीन तं दोनवरच चालवीन."

इतक्या वर्षांत त्यानं शेठला नाही म्हटलं नव्हतं. शेठ त्याच्याकडे बघत राहिला, आणि तेवढ्यात आरशाखालची घंटी वाजली.

एकदा. मग थांबून, दोनदा.

घंटी म्हणजे थांब. घंटी म्हणजे मागे काहीतरी झालं. आणि गाडी घाटातल्या सगळ्यात उभ्या चढावर होती, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी.

"थांबव!" शेठ ओरडला. एका मिनिटापूर्वी हाच माणूस पळव म्हणत होता. "माजीले काई झालं! थांबव म्हनतो ना!"

थांबता आलं असतं. पण थांबल्यावर काय? ब्रेकवरून पाय काढून जोर देईपर्यंत घर वीतभर मागे येणार, आकड्याला ताण बसणार, आणि मग उचलताना जो हिसका बसेल तो मागच्या सगळ्या थेंबांच्या वर. उभ्या चढावर सराव करताना दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा लोटा आडवा झाला होता. माथ्याला अजून अर्धा मैल होता. तिथं सपाट जागा होती, खडीच्या दुसऱ्या एका ढिगाशेजारी. सतरा मैलांच्या वेगानं अर्धा मैल म्हणजे किती वेळ, ते ज्यानं काढला त्यालाच विचारावं.

घंटी परत वाजली.

"अबे लालसिंग, आई हाय माही ते!"

"हो जी," लालसिंग म्हणाला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्यानं वेग वाढवला नाही. कमीही केला नाही. गाडीचा काटा उकळायच्या खुणेकडे सरकत होता, तो त्यानं पाहिला आणि पाहिला नाही असं केलं. पुढचं वळण. त्याच्या पुढचं. मग कडा एकदम खाली गेला, उन्हाचा पट्टा अंगावर आला आणि रस्ता सपाट झाला. ढिगाच्या जरा अलीकडे त्यानं गाडी अशी उभी केली की ती थांबली हे शेठला दरवाजा उघडल्यावर कळलं. दांडी पीमध्ये. हातब्रेक. मग गमछा. या वेळी गाठ सोडायला तो थांबलाच नाही, गमछाच फाडला. उतरून घराच्या चाकांखाली दगड सारले आणि दाराकडे धावला.

दार कंचनबाईनं उघडलं. हातात काडेपेटी.

"किती वेळची घंटी वाजवून राह्यली मी! चालत्या गाडीत स्टोव कसा पेटवू? दिस पाहा कुठी गेला. खिचडी धुवून ठेवली हाय, पंधरा मिनिटं लागतात. मेडशी मेडशी काय करता, घर मांगं नाई का तुमच्या?"

लालसिंग जिथं उभा होता तिथंच रस्त्यावर बसला आणि मुसमुसला. शेठ दाराला धरून उभा होता. सगळा रस्ता तो स्वयंपाकघर मागे ओढत स्वयंपाकघर शोधत होता, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. मग तो हसला की रडला ते नीट कळलं नाही.

स्टोव्ह पेटला. सूर्य अजून दोन हात वर होता. कंचनबाईनं सासूच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं नाही, चमच्यानं पडल्यापडल्याच भरवलं. चार घास, गोळी, दोन घोट पाणी. लालसिंग दाराशी उभा राहून लोट्याकडे बघत होता. पाणी काठाच्या खाली होतं. एका नखानं. एवढ्या घाटात, एवढ्या गाड्यांत, एक नख.

"कोन हाय दाराशी?" पानाबाईंनी विचारलं. पट्टीखालून फक्त तोंड दिसत होतं.

"लालसिंग हाय, माजी," शेठ म्हणाला.

"जवळ ये."

तो चपला काढून आत गेला.

"रडत होता तू. मले डोळे नाईत, कान हायेत. मांगच्या डोळ्याचं मनात धरून बसला का रे?"

लालसिंगनं बाहीनं तोंड पुसलं.

"थो डोळा तुह्या हिसक्यानं नाई गेला." पानाबाई थांबल्या. पुढचं त्यांना जड जात होतं, आणि ते जायलाच हवं होतं. "घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी वाकली. वंदना करून राह्यली होती, डोकं जमिनीले टेकवलं. कोनी पाह्यलं नाई. आत कसं तुटल्यावानी झालं. पूनम वरडंल म्हनून बोलली नाई. मंग थो तुले बोलला, तई बी मी बोलली नाई. मंग बोलाचं राहूनच गेलं."

शेठ दाराच्या पायरीवर टेकला.

"पाच वर्सं, माजी," लालसिंग म्हणाला.

"हो. पाच."

"मी तुमाले भीत चालवत होतो हो गाडी. रोज."

"म्हनूनच म्हनलं, तूच आनजो. दुसऱ्यानं आनलं असतं तं तुह्या मनातून कधी गेलं असतं?"

हे म्हातारीनं चांगल्या मनानं केलं होतं, यात शंका नाही. पण महिनाभर ज्याचा घास उतरला नव्हता त्याला विचारा. लालसिंगनं चपला घातल्या, बाहेर गेला आणि गाडी-घराच्या जोडाचा आकडा तपासला, जो त्यानं सकाळपासून अकरा वेळा तपासला होता. मग फाटक्या गमछ्याची गाठ मारून डावा पाय पुन्हा बांधला. पुढे मेडशीकडे थोडा उतार आहे. तो दिसायच्या आधीच त्यानं दोन टाकला. या वेळी शेठनं सूर्याकडे पाहिलं नाही. बुडालाच होता.

चांगला अंधार पडल्यावर ते मालेगावात पोचले. त्यानंतर तीन आठवडे लालसिंग शेठच्या वाड्याचा उंबरा चढला नाही. गाडी पुसायची, काम विचारायचं, हो जी, नाही जी, बस. पानाबाईंची पट्टी निघाली हे त्यानं गोमतीबाईकडून ऐकलं. दिसतं म्हणे. भिंग जाड आहे, पण दिसतं. त्यानं ऐकलं आणि चाकाला हवा भरत राहिला.

एके सकाळी तो चाकाच्या घराचं दार धूत होता. पानाबाई चालत आल्या. भिंतीला हात न लावता, कुणाचा आधार न घेता, जाड भिंगामागे एक डोळा भला मोठा. दोन्ही हातांत भरलेला पितळी लोटा. पायऱ्या चढल्या, पलंगाच्या उशाशी लोटा ठेवला आणि बाकावर जाऊन बसल्या.

"चाल. शिरपूरले."

"लोटा कायले जी? रस्ता सपाट हाय."

"माह्यासाठी नाई. तुह्यासाठी ठेवला. नाई तं तू समदा रस्ता मांगं पाह्यशीन."

लालसिंग तिच्याकडे बघत राहिला. राग अजून पुरता गेला नव्हता. तो असा एका लोट्यानं जाणारही नव्हता. पण म्हातारी त्याच्याकडे बघत होती, आणि तिला तो दिसत होता. त्यानं ओले हात पुसले, लोटा उचलला आणि उभ्याउभ्या तिथंच घटाघटा सगळा पिऊन टाकला. रिकामा लोटा तिच्या हातात दिला, दार ओढून घेतलं आणि पुढे जाऊन डावा पाय बांधला.